डोंगरचे पाणी आणि डोंगरचा हक्क

कोपरगाव येथे भूगोल शिकवीत असता मी मुलांस दरवर्षी एक प्रश्न विचारीत असे : आपल्या शेताला पाणी कोठून येते? उत्तर ठरलेले, 'पाटातून.' पाटात ते कोठून येते, हा पुढील प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येई. मुलांना काय बोल लावावा? तो आपल्या घरीही फारसा निघत नसे.

आपल्या माळी समाजाची सासवडकडील मंडळी प्रथम नीरा कालव्यावर उसाच्या शेतीत निष्णात झाली, आणि पुढे गोदावरी व प्रवरा कालव्यांवर खंडाने जमिनी घेऊन स्थिरावली. त्यांच्या कष्टांचे वर्णन अशा अंकांतून पुष्कळदा झाले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. कोपरगावचे पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत वळते, व ते वर इगतपुरीच्या डोंगरात दारणा धरणात साठते. त्याच सह्याद्रीच्या कुशीत, जरा दक्षिणेस, अकोले तालुका आहे. तेथील प्रवरेचे पाणी आता आपल्या तालुक्याच्या दक्षिणेकडील जिरायत गावांसाठीही वळविले आहे, म्हणून त्या डोंगराची हकीकत आपणांस ठाऊक असावी.

घाटघरला वर्षाकाठी सुमारे २०० इंच पाऊस पडतो. आपल्याकडे २० इंच झाला तरी सुकाळ. परंतु तेथील माती उथळ, उतार तीव्र आणि खाली काळा कातळ. पाणी थांबत नाही. होळीच्या सुमारास झरे आटू लागतात आणि महादेव कोळी व ठाकर वाड्यांतील बायाबापड्या हंडे घेऊन कडा उतरतात.

भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. उंची २७० फूट, साठा सुमारे ११ अब्ज घनफूट. दुष्काळी मुलुखाला आधार व सरकारास पाणीपट्टी, हे दोन्ही हेतू त्यात होते. जमीन बुडाली ती डोंगरातली. कालवे निघाले ते थेट संगमनेरपुढील ओझरच्या बंधाऱ्यावरून. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या पाटबंधारे कायद्याने कालव्याखालील जमिनीस पाणी मागता येई. कालव्याच्या वरच्या जमिनीस तो मार्ग नव्हता. कोणाचा द्वेष होता असे मी म्हणत नाही. पाणी चढत नाही, आणि कायदाही पाण्याबरोबर उतारालाच गेला, इतकेच.

पुढे भंडारदऱ्याच्या खाली दुसऱ्या धरणाची कल्पना १९७० मध्ये निघाली. जागा बदलत बदलत ते निळवंड्यास झाले, साठा ८.३२ अब्ज घनफूट. या वेळी अकोलेकर गप्प राहिले नाहीत. मुख्य कालवा ज्या उंचीवरून जातो त्याच्या वरील शिवारांस धरणाच्या अधिक उंच पातळीवरून स्वतंत्र पाणी मिळावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यातून उच्चस्तरीय नलिका कालव्यांची योजना मान्य झाली. माझ्या मते साऱ्या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट हीच. धरणग्रस्तास भरपाई देणे निराळे आणि त्याला पाण्याचा वाटेकरी मानणे निराळे.

८५ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. एकंदर योजनेत सात तालुक्यांतील १८२ गावे आहेत. आपल्याकडे रांजणगाव देशमुखच्या परिसरात दोन पिढ्यांनी ज्याची वाट पाहिली, ते पाणी दृष्टीस पडले. वरच्या अंगास मात्र पाझराने काही शेते चिबडली व पुन्हा तक्रारी झाल्या. खालच्यांच्या आनंदाची किंमत वरच्यांच्या बांधावर वसूल होण्याची ही रीत जुनीच.

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. तुटीच्या वर्षी नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडायचे ठरले की आपण मोर्चे काढतो, आणि 'आम्ही वरचे, आमचा हक्क आधी' असे बजावतो. मीही एकदा अशा सभेत बोललो आहे. घरी परतताना मनात आले, हेच वाक्य १९२६ मध्ये घाटघर, साम्रद, रतनवाडीच्या माणसाने उच्चारले असते, तर आपल्या वाडवडिलांनी त्याला काय उत्तर दिले असते?

आणि उच्चस्तरीय कालव्यांनाही मर्यादा आहेच. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वर वसलेले पाडे त्यांच्या कक्षेत येत नाहीत. तेथे झऱ्याला बांधलेली कुंडी, ओढ्यावरचा लहान बंधारा आणि पावसाळ्यात भरून ठेवलेली टाकी यांवरच उन्हाळा काढावा लागतो.