डेटालँड आणि त्यानंतर

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एमआयटीच्या आर्किटेक्चर मशीन ग्रुपने एक आगळी खोली उभारली. समोर भिंतभर पडदा, भोवती स्पीकर आणि मधोमध ऐसपैस ईम्स खुर्ची. खुर्चीच्या हातांवर जॉयस्टिक बसवलेल्या. त्या कलवल्या की बसलेला माणूस माहितीच्या एका सपाट प्रदेशावरून सरकत जाई आणि हव्या त्या वस्तूच्या जवळ पोचे. पत्रे, नकाशे, छायाचित्रे, पुस्तके, कॅल्क्युलेटर, प्रत्येकाला तिथे ठरलेली जागा होती. या प्रदेशाचे नाव डेटालँड.

रिचर्ड बोल्ट, निकोलस नेग्रोपोन्टे आणि विल्यम डोनेल्सन यांच्या या कामाला अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा संस्थेचा पैसा होता. त्या काळात फाइल उघडायची तर तिचे नेमके नाव टाइप करावे लागे. नाव आठवले नाही की काम अडले. टेबलावरचा कागद मात्र माणसाला तो ठेवल्याच्या जागेवरून सापडतो. बोल्ट आणि सहकाऱ्यांनी हीच स्मरणशक्ती कामाला लावली. बाजूच्या लहान पडद्यावर सगळा डेटालँड एकदम दिसे आणि आपण त्यात कुठे आहोत तेही कळे.

एवढी यंत्रसामग्री कचेरीत किंवा घरी नेणे शक्य नव्हते. पुढच्या दशकात मॅकिंटॉश आणि विंडोजमुळे लोकांच्या हाती आल्या त्या खिडक्या, आयकॉन आणि फोल्डर.

१९९३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील केन पर्लिन आणि डेव्हिड फॉक्स यांनी या मांडणीला पर्याय सुचवला. त्यांच्या ‘पॅड’मध्ये खिडक्यांचा ढीग नव्हता, एकच अमर्याद पृष्ठभाग होता आणि त्यावर कोणतीही गोष्ट कितीही लहान-मोठी ठेवता येई. शिवाय जवळ गेल्यावर वस्तू नुसती मोठी होत नसे, तिचे रूपही बदले. लेखाचे दुरून फक्त शीर्षक दिसावे, थोडे पुढे गेल्यावर सारांश आणि अगदी जवळून पूर्ण मजकूर, अशी ही कल्पना. पुढच्याच वर्षी बेन बेडरसन आणि जिम हॉलन यांनी ‘पॅड प्लस प्लस’ सादर केला. तो साध्या यंत्रांवरही सुरळीत चालावा म्हणून त्यांनी युक्ती केली: दृश्य सरकत असताना चित्र ओबडधोबड काढायचे आणि हालचाल थांबली की बारकावे भरायचे.

अडचण वेग सुधारल्यावर स्पष्ट झाली. लोक हरवत होते. दोन वस्तूंमधल्या मोकळ्या जागेत खूप आत शिरले की पडदा कोराच राही. डावीकडे जावे की मागे, याची एकही खूण उरत नसे. मिशिगन विद्यापीठातील सुझान जूल आणि जॉर्ज फर्नास यांनी १९९८ मध्ये या अवस्थेला ‘वाळवंटातले धुके’ म्हटले. मग कोपऱ्यात छोटा नकाशा द्यावा का? कास्पर हॉर्नबेक, बेडरसन आणि कॅथरिन प्लेझाँ यांनी ३२ जणांकडून नकाशांवरची कामे करवून घेतली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ८० टक्के लोकांना छोटा नकाशा सोबत असलेला आवडला. पण ज्या नकाशावरची माहिती अनेक पातळ्यांवर रचलेली होती, तिथे छोट्या नकाशाविना काम अधिक वेगाने झाले. मुख्य दृश्यातच प्रत्येक पातळीवर पुरेशा खुणा असतील, तर वेगळ्या आधाराची गरज कमी भासते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

भूगोलाच्या नकाशात अशा खुणा मुळातच असतात. दुरून देश, मग शहर, मग रस्ता, मग इमारत. आणि नदी कुठे ठेवायची हे वापरणाऱ्याला ठरवावे लागत नाही. म्हणूनच जवळ-दूर जाण्याच्या या पद्धतीला, म्हणजे झूमला, पहिले मोठे घर मिळाले ते २००५ मध्ये आलेल्या गूगल मॅप्समध्ये. तिथे सगळे जग चौकोनी तुकड्यांत कापलेले असते. एक पातळी आत गेले की प्रत्येक तुकड्याच्या जागी चार तुकडे येतात आणि संगणक त्यातले पडद्यावर लागणारे तेवढेच मागवतो. दोन वर्षांनी आयफोनने दोन बोटे फाकवून चित्र मोठे करण्याची सवय घराघरात नेली.

संगणकाचा संपूर्ण डेस्कटॉप मात्र झूमवर आला नाही. मॅकिंटॉश प्रकल्पाची सुरुवात करणारे जेफ रास्किन यांनी २००० मधील आपल्या पुस्तकात तशा झूम-जगाचा जोरदार पुरस्कार केला होता. २०११ मध्ये खुद्द बेडरसन यांनी १८ वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा झूमचे अंश सर्वत्र रुजले असले तरी संगणकाच्या अख्ख्या डेस्कटॉपचे मूळ स्वप्न साकारले नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले.

कल्पना जगली ती मांडणी हेच ज्यांचे काम आहे अशांच्या हाती. बुडापेस्टमधून २००९ मध्ये आलेल्या प्रेझीने स्लाइडच्या रांगेऐवजी एकच मोठा कॅनव्हास दिला. आज फिग्मामध्ये डिझाइनर अ‍ॅपचे कितीतरी पडदे एकाच विस्तीर्ण पृष्ठभागावर शेजारी-शेजारी मांडतात. तिथे डाव्या बाजूला वस्तूंची नावे ओळीने दिसतात, आणि कोऱ्या भागात अडकलेल्याने शिफ्ट व १ ही बटणे दाबली की सगळे काम पुन्हा एका दृश्यात येते.