मोटारीतील तेलाचा वास

मोटारीतील तेलाचा वास : धावत्या किंवा बंद मोटारीत इंजिन ऑइल, डिझेल, पेट्रोल, गिअर ऑइल किंवा सांडलेल्या खाद्यतेलाचा वास येणे. गळतीची ही बहुधा पहिली खूण असते. डॅशबोर्डवरचा लाल तेलदिवा तेलाचा दाब दाखवतो, पातळी नव्हे. तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. नाक त्याच्या कितीतरी आधी सावध करते.

अलिबाग तालुक्यातल्या चौलसारख्या गावी या तक्रारीला पोषक असे बरेच काही आहे. खारा वारा लोखंडी चेंबर आणि पाइप गंजवतो. नारळी-पोफळीच्या वाडीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या मुंबईकरांच्या गाड्यांत पावसाळ्यात उंदीर शिरतात आणि रबरी नळ्या कुरतडतात. काचेखालच्या जाळीत पालापाचोळा कुजतो, तो वेगळाच. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारी थेट समुद्रातून येऊ लागल्या. बोटीच्या वाहनतळावर शेजारच्या गाडीचा धूरही आत शिरतो, म्हणून तिथल्या वासावरून स्वतःच्या गाडीचे निदान करू नये.

निदानाची सुरुवात वास नेमका कसला, इथून होते. जळके, उग्र तेल म्हणजे इंजिन ऑइल गरम भागावर पडते आहे. लसूण किंवा गंधकासारखा वास गिअर ऑइलचा. त्यात गंधकयुक्त रसायने मिसळलेली असतात. गोडसर वास येऊन काचेवर आतून चिकट वाफ धरत असेल, तर तो तेलाचा नव्हेच, हीटरमधून झिरपणाऱ्या कूलंटचा. कार्लेखिंडीच्या चढावर येणारा जळक्या दोरासारखा वास क्लचचा असतो. तो तेलाचा समजून भलतेच पॅकिंग बदलणारे गाडीमालक काही कमी नाहीत.

दुसरा प्रश्न, वास केव्हा येतो. चालत्या गाडीत जाणवत नाही, पण चढ चढून थांबल्यावर किंवा रेवदंडा–साळाव पुलाच्या तोंडाशी गर्दीत अडकल्यावर भपकारा येतो, तर संशय टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर घ्यावा. उष्णतेने हे रबर कडक होते, तेल झिरपून तापलेल्या मॅनिफोल्डवर पडते आणि जळते. बाहेरची हवा आत घेण्याची जाळी बॉनेटच्या मागे, पुढच्या काचेच्या बुडाशी असते. गाडी वेगात असताना वारा धूर मागे उडवतो. थांबली की ब्लोअर तोच आत ओढतो. म्हणून सर्वांत स्वस्त तपासणी अशी : ब्लोअर आतलीच हवा फिरवण्यावर ठेवायचा. वास कमी झाला तर उगम बॉनेटखाली. तसाच राहिला तर गालिच्यात, डिकीत किंवा इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भोकात. हॉर्न, स्पीकर, फॉगलॅम्प यांच्या वायरी ओढताना पाडलेली भोके अनेकदा उघडीच राहतात.

ओम्नी आणि ईको यांची गोष्ट निराळी. त्यांचे इंजिन पुढच्या सीटखालीच असते, त्यामुळे सीटखालच्या झाकणाची रबरपट्टी झिजली की वासाला जाळीचा वळसा घ्यावाच लागत नाही.

सर्व्हिसिंगनंतर लगेच वास आला तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात : तेल ओतताना सांडले का, वरचे झाकण घट्ट आहे का, फिल्टरची जुनी रबरी रिंग चिकटून राहून तिच्यावर नवी बसली का, ड्रेन नटचा वॉशर बदलला का. जागा सापडत नसेल तर इंजिन स्वच्छ धुऊन, कोरडे करून थोडे चालवावे आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवावा. काळपट तपकिरी डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा लाल पातळ डाग बहुधा कूलंटचा. स्वच्छ पाणी एसीचे. तेलात विशिष्ट रंगद्रव्य घालून अतिनील टॉर्चखाली पाहिले की गळतीची नेमकी रेघ चमकते.

नवे पॅकिंग टाकूनही ते वारंवार फुटत असेल, तर इंजिनातला दाब बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह बहुधा तुंबलेला असतो. इंजिनाच्या पोटातला दाब वाट शोधतो आणि सगळ्यांत कमकुवत सीलमधून तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी नुसती पॅकिंगे बदलत बसणे म्हणजे पैसे वाया घालवणे. टॅपेट कव्हरचे बोल्टही अंगात जोर आहे म्हणून आवळायचे नसतात. जास्त आवळल्याने कव्हर वाकते आणि गळती वाढते.

डिकीतल्या तेलाचा मामला या किनाऱ्याला शोभणारा आहे. येथील बेने इस्राएल समाज पूर्वी घाण्यावर तेल गाळी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आज चौलहून परतणाऱ्या गाडीत खोबरेल तेलाचा डबा असतोच. सांडलेले खोबरेल सुमारे 24 अंशांखाली थिजते, म्हणून थंडीच्या सकाळी वास नसतो आणि दुपारी तो खवट होऊन उठतो. गालिचा वरून पुसून भागत नाही. तो उचलून खालचा फोम साबणाने धुवावा, नाही तर बदलावा.

पेट्रोलचा वास मात्र सवडीने तपासण्याचा विषय नव्हे. इंजिन सुरू न करता, दिवे-पंख्यांची बटणे न दाबता गाडी मोकळ्यावर ढकलावी आणि मिस्त्रीला तिथेच बोलवावे. धूर आत येत असेल तर काचा उघडाव्यात, कारण त्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो.

दुरुस्तीनंतर मॅनिफोल्डवर उरलेले तेल जळून जाईपर्यंत काही दिवस वास येत राहतो. आठवड्याभराच्या नियमित वापरानंतरही तो ओसरला नाही, तर गळती अजून चालू आहे असे समजावे.