‘कलम लागले’ याची खूण : नासासंधानापासून हिरडीच्या रोपणापर्यंत

जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात. खुंटाच्या सालीस ‘टी’ आकाराचा छेद द्यावयाचा, त्यात डोळा बसवावयाचा आणि पट्टीने घट्ट बांधावयाचा, एवढेच ते काम. डोळा काढताना त्याच्यासोबत पानाच्या देठाचा लहानसा तुकडा मात्र मुद्दाम राखतात. दोन-तीन आठवड्यांनी त्या देठास बोट लावताच तो गळून पडला, तर डोळा जिवंत आहे असे समजावयाचे. सुकून जागीच चिकटून राहिला, तर डोळा मेला. पहिल्या प्रसंगी बागवान ‘कलम लागले’ म्हणतो, किंवा ‘डोळ्याने जीव धरला’ असेही म्हणतो. एका देहातून काढलेला भाग दुसऱ्या जागी जगला की नाही, हे सांधा न उकलता बाहेरूनच ओळखावे लागते. शस्त्रवैद्यकापुढे हाच प्रश्न शतकानुशतके उभा आहे, आणि त्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रसंग महाराष्ट्रात घडलेला आहे.

‘कलम’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचे मूळ बोरूवाचक ग्रीक शब्दापर्यंत पोहोचते. लेखणी, कायद्यातील पोटविभाग, झाडाची छाटून लावलेली फांदी असे त्याचे अर्थ झाले, आणि ‘शिर कलम करणे’ या प्रयोगात तर निव्वळ तोडणेच उरले. वैद्यकीय परिभाषेने हा शब्द टाकून ‘रोपण’ स्वीकारले. त्यामुळे एक सोय झाली, पण एक उपयुक्त भेदही हातचा गेला. बागवानाच्या भाषेत भेटकलम निराळे आणि डोळा भरणे निराळे. आंब्याच्या भेटकलमात फांदी मूळ झाडावर असतानाच तिला रोपाची भेट घडवितात. सांधा जुळून येईपर्यंत फांदीस आईचा रस मिळत राहतो, आणि मग तिला कापतात. डोळ्याच्या बाबतीत आधी तोडणे आणि मग जोडणे. मधल्या काळात डोळ्याने जगावयाचे ते स्वतःच्या पुंजीवर.

मानवी देहावरील जुन्या शस्त्रक्रिया बहुतांशी भेटकलमाच्या जातीच्या होत्या. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कानाच्या पाळीच्या संधानाचे पंधरा प्रकार सांगितले असून त्याच अध्यायात नाकाचेही संधान आले आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घेऊन त्या मापाने गालावरील कातडी सोडवावयाची, असा तेथील विधी आहे. पुढे ही कातडी गालाऐवजी कपाळावरून घेण्याची रीत रूढ झाली. तिचे विख्यात वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका पत्राच्या रूपाने छापले गेले.

या वृत्तान्तातील रुग्ण इंग्रजी फौजेतील बैल हाकणारा होता. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला; तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला, आणि मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्यास नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूझो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनी ही क्रिया पाहिल्याचा निर्वाळा पत्रात आहे. जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये त्या माणसाचे चित्र काढले. पत्रात त्याचे नाव ‘कावसजी’ असे दिले आहे, आणि तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचेही म्हटले आहे. ही दोन विधाने एकत्र नांदणे कठीण. कावसजी हे नाव पारशी कुटुंबांतले. परक्या कानाने एखादे मराठी नाव ओळखीच्या साच्यात बसविले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे तर नावच नाही. तो वीट भाजणाऱ्यांच्या जातीचा, म्हणजे आपल्याकडील कुंभार, एवढेच कळते.

वृत्तान्तातील तपशील मात्र नेटका आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्यास नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा, आणि त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवावयाची. दोन डोळ्यांच्या मधली अरुंद पट्टी तेवढी न कापता राखावयाची. खुंटाची जुनी वणाची कड खरवडून ताजी केल्यावर कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणीत आणि छेदात बसवीत. पाण्यात कालवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक घालीत. चार दिवसांनंतर तुपात भिजविलेली फडकी. इंग्रज लेखकाने काथास ‘टेरा जॅपोनिका’, अर्थात ‘जपानची माती’ म्हटले आहे. खैराच्या लाकडाचा अर्क युरोपच्या बाजारात याच चुकीच्या नावाने विकला जाई. तुपासाठी मात्र त्याने ‘घी’ हा शब्द तसाच ठेवला. कारागीर त्या अरुंद पट्टीस काय म्हणे, सांधा जुळल्याची कोणती खूण तो पाही, हे विचारून लिहून ठेवणारे तेथे कोणी नव्हते. क्रिया सातासमुद्रांपार गेली, तिची मराठी परिभाषा जागीच विरली. ही हानी लहान म्हणता येत नाही.

ती पट्टी सांधा जुळेपर्यंत रुधिराभिसरण चालू ठेवते, हे पत्रलेखकाने स्पष्ट नोंदविले आहे. आणि ती सुमारे पंचविसाव्या दिवशी कापतात, हेही. नव्या नाकास नव्या जागेचे रक्त मिळू लागले काय, या प्रश्नाचे पुण्याचे उत्तर असे दिवसांत दिलेले होते. अशी मुदत एका माणसाच्या कल्पनेतून निघत नाही. लवकर कापल्याने काळी पडलेली नाके तिच्यामागे असली पाहिजेत. आजही कपाळाच्या कातडीचा हा देठ सामान्यतः तीन आठवड्यांच्या सुमारास कापतात. जोसेफ कार्प्यू याने याच वृत्तान्ताच्या आधारे २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये ही क्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

डोळा भरण्याच्या जातीचे, म्हणजे मूळ जागेपासून पूर्ण तोडलेल्या कातडीचे रोपण युरोपात १८६९ नंतर रेव्हर्दाँ, थिर्श आणि वुल्फ यांच्या प्रयत्नांनी स्थिरावले. हिरडीच्या शस्त्रक्रियेत ते याहून जवळजवळ शतकभर उशिरा आले. हिरडी मागे सरली की दाताचे मूळ उघडे पडते. दात जोराने घासणे, हिरडीचे जुने दुखणे, पातळ हिरडी अशी त्याची अनेक कारणे आहेत, आणि मिश्री लावण्याची सवय ही आपल्याकडची विशेष भर. १९६३ मध्ये ब्यॉर्न या स्वीडिश दंतवैद्याने तोंडातील अशा मुक्त रोपणाचे वर्णन केले. १९६८ मध्ये सलिव्हन आणि ॲटकिन्स यांनी त्याची तत्त्वे मांडली. टाळूवरून सुमारे एक ते दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा घेऊन तो हिरडीच्या जागी शिवतात. १९८५ मध्ये लँगर व लँगर यांनी टाळूच्या आतील संयोजी ऊतक हिरडीच्या पदराखाली सरकविण्याची पद्धत दिली. तीत रोपणास खालून व वरून, असे दोन्हीकडून रक्त मिळते. हा लाभ मोठा आहे. कारण उघड्या मुळावर रक्तवाहिनी नसते, आणि तेथे ठेवलेला तुकडा कडेच्या मऊ भागाकडून येणाऱ्या रक्तावर जगतो. खडकावर माती पसरून तीत रोप लावावे, तशी ही स्थिती असते.

१९६८ मध्येच ऑलिव्हर, लो आणि कॅरिंग यांनी माकडांवरील प्रयोगांतून या रोपणाच्या भरून येण्याच्या तीन अवस्था दाखविल्या. पहिले सुमारे तीन दिवस तुकडा केवळ झिरपणाऱ्या रक्तद्रवावर जगतो. दुसऱ्यापासून अकराव्या दिवसापर्यंत जुन्या-नव्या रक्तवाहिन्या एकमेकींस मिळतात व नव्या फुटतात. पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ऊतक पक्व होते.

हे सर्व सूक्ष्मदर्शकाखाली दिसले; रुग्णाच्या तोंडातून रोज तुकडा कापून पाहणे शक्य नाही. म्हणून पहिली खूण रंगाची: पांढुरका तुकडा हळूहळू लालसर आणि मग गुलाबी होतो. १९७० नंतरच्या दशकात म्योरमान याने फ्लुओरेसिन हा रंग शिरेत टोचून हिरडीतील रक्तपुरवठ्याची छायाचित्रे घेतली. रंग पोहोचला तेथे हिरडी उजळते, न पोहोचला तेथे ती काळोखी राहते. सुई टोचल्यावाचून मोजण्याचा मार्ग लेसर डॉप्लरने दिला. १९७५ मध्ये स्टर्न याने त्वचेवर तो प्रथम वापरला. हलत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते, आणि त्या बदलावरून आकडा निघतो. परंतु हा आकडा एका बिंदूपुरता असतो. टोकाचा दाब वाढला किंवा जागा केसभर सरकली तरी तो बदलतो, म्हणून दातांवर बसणारा साचा करून त्यात टोक अडकवावे लागते. फेर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत लेसरच्या प्रकाशात पृष्ठभागावर उमटणारी ठिपक्यांची जाळी जेथे रक्त हलते तेथे पुसट होते, आणि सबंध रोपणाचा नकाशा एकदम मिळतो. मात्र ओठ ओढून धरला तरी रक्त कमी होते. बधिर करण्याच्या औषधात रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य असेल, तर तेही मोजमापात शिरते.

या यंत्रांच्या आकड्यांस मराठीत ‘रक्तप्रवाह’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो तपासून घेण्याजोगा आहे. मिनिटास किती मिलिलिटर रक्त गेले, हे ही यंत्रे सांगत नाहीत. त्यांचे एकक सापेक्ष असते. पाटातून किती पाणी गेले हे एक, आणि वाफा किती भिजला हे दुसरे. येथे दुसऱ्याचा अंदाज घेतला जातो, म्हणून ‘रक्तसिंचन’ हा शब्द अधिक चपखल ठरेल. त्यातही पहिल्या तीन दिवसांत आकडा जवळजवळ शून्य असला, तरी रोपण जिवंत असू शकते. आणि पुढे तो आसपासच्या निरोगी हिरडीहून अधिक झाला, तर ती बहुधा दाहाची व नव्या रक्तवाहिन्यांच्या दाटीची खूण असते, पक्वतेची नव्हे. एका दिवसाच्या आकड्यावरून रोपण लागले किंवा फसले असा निकाल देणे म्हणूनच धाडसाचे होय. त्याच जागेचा आकडा दिवसामागून दिवस कसा चढतो-उतरतो, तेच पाहावयाचे असते.

ही साधने मुख्यतः संशोधनशाळांतच वापरली जातात. व्यवहारात दंतवैद्य दहा ते चौदा दिवसांनी टाके काढतो, आणि त्या वेळी आरशात रोपणाचा रंग पाहतो.