बेघर निवारा (पुणे शहर)

पुण्यात पदपथ, स्थानकाचा परिसर, पुलांखालच्या जागा अशा ठिकाणी उघड्यावर झोपणाऱ्यांसाठीची निवारा, अन्न व उपचारांची व्यवस्था. महापालिकेत हे काम समाज विकास विभागाकडे आहे.

गणना : जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत उरकतात. 2011 मध्ये ती 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. रस्त्याकडेला, ह्यूम पाइपांत, जिन्यांखाली, देवळांत, फलाटांवर राहणारे तीत धरले गेले. देशात 17 लाखांहून अधिक, महाराष्ट्रात 2 लाखांहून अधिक माणसे नोंदली गेली. रात्री हमालीला गेलेला माणूस अशा मोजणीत सापडणे कठीण, म्हणून हे आकडे किमान समजावेत.

पूर्वपीठिका : निराधारांना आसरा देण्याची शहरातील जुनी सोय म्हणजे नव्या पेठेतील डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह (1863); ते आज ‘निवारा’ या नावाने ओळखले जाते.

निवाऱ्याचा हक्क : अन्नाच्या हक्कासाठी 2001 मध्ये दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये आधी दिल्लीतील, मग इतर शहरांतील बेघरांचा प्रश्न हाती घेतला. दर लाख वस्तीमागे 100 जणांचा, चोवीस तास व बारमाही चालणारा एक निवारा, हे प्रमाण त्यातून ठरले. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ते स्वीकारले व माणशी 50 चौरस फूट जागा सांगितली. पुणे महापालिका क्षेत्राची 2011 ची लोकसंख्या 31 लाखांवर होती, म्हणजे 31 निवारे हवेत. प्रत्यक्षात ते याहून फार कमी आहेत. याच अभियानात निवाऱ्यातून आधार, मतदार ओळखपत्र, बँक खाते, पेन्शन, मुलांचा शाळाप्रवेश मिळवून देणे अपेक्षित होते. बेघराला छपराइतकीच पत्त्याची गरज असते. पत्ता नसला की पुढचे प्रत्येक कागदपत्र अडते. निवाऱ्याची किंमत खाटांवरून करणे म्हणूनच अपुरे आहे.

कुटुंबे : वरील अभियानात कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्यांची तरतूद होती. मजुरीसाठी आलेले जोडपे लेकरांसह पुरुषांच्या निवाऱ्यात जाणार नाही, ते पदपथच धरते. 23 डिसेंबर 2024 च्या पहाटेपूर्वी वाघोलीत, केसनंद फाट्यावर, अमरावतीकडून कामाला येऊन पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून डंपर गेला. तिघे दगावले; त्यांतली दोन लहान बाळे होती. वाघोली 2021 पासून महापालिका हद्दीत आहे.

भिक्षा प्रतिबंध : 1959 च्या कायद्यात उपजीविकेचे साधन न दिसता सार्वजनिक जागी वावरणे हेही भीक मागणेच ठरते, आणि पहिल्या दोषसिद्धीला 1 ते 3 वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद आहे. दिल्लीपुरत्या त्यातील अनेक तरतुदी तेथील उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केल्या. महाराष्ट्रात कायदा लागू आहे.

उपचार : डॉ. अभिजित सोनवणे यांचा सोहम ट्रस्ट देवळांबाहेर बसणाऱ्यांवर जागेवरच औषधोपचार करतो आणि त्यांना कामाकडे वळवतो. मानसिक आजाराने रस्त्यावर भटकणाऱ्यास ताब्यात घेऊन 24 तासांत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे हे 2017 च्या कायद्याने पोलिसांचे कर्तव्य आहे.

अन्न : शिवभोजन थाळी (2020 पासून), 10 रुपये.

मदतवाहिन्या : मुलांसाठी 1098. वृद्धांसाठी 14567.