बॅरिटोन घेताना आधी सूर

जुना बॅरिटोन सॅक्सोफोन विकत घ्यायचा म्हटलं की लोक चकाकी आणि ब्रँड बघतात. मी आधी त्याचा सूर तपासतो.

अडॉल्फ सॅक्सने 1846 साली पॅरिसमध्ये या वाद्यकुटुंबाचं पेटंट घेतलं, तेव्हा जगभर एकच सूर ठरलेला नव्हता. ब्रिटिश लष्करी बँड 1920च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या सुरात वाजत. त्यांचा 'ए' सेकंदाला सुमारे 452 कंपनांचा. 440 हे माप 1939च्या लंडन परिषदेत ठरलं. दोन्हींतला फरक पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्मा.

तबला हातोडीने उतरवता येतो. सॅक्सोफोनच्या नळीवरची भोकं मात्र हलत नाहीत. माउथपीस बाहेर ओढला तर एक सूर जुळतो, बाकीचे आपसांत बिघडतात.

आमच्या नोएडाहून मेरठ जवळच. तिथे लष्करी छावणी, आणि तिथेच 1885 साली सुरू झालेली नादिर अली आणि कंपनी बँडची वाद्यं बनवत आली. लष्कराचा बँड इकडे लग्नाच्या वरातीत उतरला. त्यामुळे जुनं वाद्य समोर आलं की ते कुठल्या सुरासाठी घडवलं, हे विचारावंच लागतं. बऱ्याच जुन्या अमेरिकी सॅक्सोफोनवर अनुक्रमांकाजवळ 'एल' किंवा 'एच' कोरलेलं असतं. 'एल' आजच्या सुराचा, 'एच' चढ्या. खूण नसेल, तर ट्यूनर लावून खालपासून वरपर्यंत सगळे सूर वाजवून बघावेत.

पॅड नवे बसवता येतात, पोचे काढता येतात. चढ्या सुराचा बॅरिटोन मात्र कितीही स्वस्त मिळाला, तरी आजच्या पियानोशेजारी वाजवता येत नाही.