कलमी कारकुनाची कुळकथा

'उमेदवार' हा शब्द मराठी माणूस दोन निरनिराळ्या जिवांना लावीत आला आहे: जागेसाठी अर्ज करून दाराशी उभा असलेला तो एक, आणि जागा रिकामी होण्यापूर्वीच, कारकुनांच्या रांगेच्या शेवटी बिनपगारी बसून नकला उतरवीत काम शिकणारा तो दुसरा. फारसीत 'उमेद' म्हणजे आशा, आणि हे दोघेही आशेवरच जगत असल्यामुळे त्यांच्यात भेद करण्याची निकड आपल्या दफ्तरी भाषेला कधी भासली नाही. लंडनच्या व्यापारी कायद्याच्या पेढ्यांत शिरू पाहणारा विद्यार्थी आज ज्या 'ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट'साठी दरखास्ती धाडतो, आणि त्याच्या प्राप्तीसाठी 'व्हेकेशन स्कीम' नावाचे जे पूर्वव्रत आचरतो, त्यांचे मूळ शोधू लागले म्हणजे या मराठी शब्दाचे शहाणपण ध्यानात येते.

ते मूळ एका चर्मपत्रात आहे. शिष्याने धन्याकडे राहून धंदा शिकावा असा करार इंग्लंडात व्हावयाचा तेव्हा एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर दोनदा लिहीत आणि दोन्ही मजकुरांच्या मधून दात्यांसारखी नागमोडी रेघ कापीत. एक अर्धा धन्याच्या पेटीत जाई, दुसरा शिष्याच्या घरी, आणि पुढे तंटा उपस्थित झालाच तर दोन्ही कडा एकमेकींना भिडवून दाते दात्यांत बसतात की नाही एवढे पाहिले की दस्तऐवजाच्या खरेखोटेपणाचा निवाडा होई. 'इंडेंचर' हे त्या पत्राचे नाव या दात्यांवरूनच पडले. त्यातील अटींना 'आर्टिकल्स' म्हणत, म्हणजे आपली कलमे. आणि त्या कलमांनी बांधला गेलेला तो 'आर्टिकल्ड क्लार्क'. त्याला मी 'कलमी कारकून' म्हणतो, कारण मराठीत कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे अट आणि कलम म्हणजे दुसऱ्या झाडावर बांधलेली फांदी, आणि हे तिन्ही अर्थ त्या पोराला एकदमच लागू पडतात.

या खाजगी शिरस्त्याला राजशासनाचे रूप १७२९ साली आले. अटर्नी आणि सॉलिसिटर यांच्या नियमनासाठी पार्लमेंटाने त्या वर्षी जो कायदा केला, त्याने पाच वर्षे कलमी कारकुनी केल्यावाचून कोणाचेही नाव पटावर चढावयाचे नाही असा निर्बंध घातला, आणि एका अटर्नीपाशी एका वेळी दोनांहून अधिक असे कारकून असू नयेत असेही ठरविले. सरकारची दृष्टी मात्र विद्येवर जितकी होती तितकीच खजिन्यावरही होती. १७९४ साली वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांतील कलमनाम्यावर शंभर पौंडांचा मुद्रांक बसला. पुढे तो वाढला, आणि १८५३ मध्ये ऐंशी पौंडांवर उतरला, तेव्हाच लोकांना हायसे वाटले असेल.

मुद्रांक सरकारचा, त्याहून जड रक्कम धन्याची. बापाने धन्यापुढे मोजून ठेवावयाच्या या रकमेला 'प्रीमियम' म्हणत. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये (अटर्नींचे चुलतभाऊ शोभणारे जे प्रॉक्टर, त्यांच्या पेढीत) नायकाच्या बापाची आत्या मुद्रांकासह एक हजार पौंड भरते. पुढे तिचा पैसा बुडाला असे समजताच डेव्हिड करार मोडून पैसे परत मागावयास जातो, तेव्हा त्याचे धनी स्पेन्लो महाशय आपली काहीच हरकत नसल्याचे सांगून सारा दोष आपल्या अबोल भागीदारावर, जॉर्किन्सवर, ढकलतात. डिकन्स स्वतः कोवळ्या वयात एका अटर्नीच्या कचेरीत कारकून होता, पण कलमी नव्हे, साधा. त्या दोहोंतील अंतर त्याला पुरते ठाऊक होते. बेंजामिन डिझरायली १८२१ साली लंडनच्या सिटीतील एका पेढीत कलमी कारकून म्हणून बसविला गेला, पण त्याचे कलम त्या झाडावर धरले नाही, आणि इंग्लंडला एक सॉलिसिटर कमी व एक पंतप्रधान अधिक मिळाला.

एकोणिसाव्या शतकात नुसत्या बसण्याने भागेनासे झाले. १८२५ साली स्थापन होऊन १८३१ मध्ये राजसनद मिळालेल्या लॉ सोसायटीने १८३६ पासून परीक्षा घ्यावयास आरंभ केला. पदवीधरांची मुदत तर १८२१ च्या कायद्यानेच पाचांवरून तीन वर्षांवर आणली होती. स्त्रियांना दार उघडले ते १९१९ च्या कायद्याने, आणि १९२२ च्या डिसेंबरात कॅरी मॉरिसन ही इंग्लंडातील पहिली स्त्री-सॉलिसिटर झाली. प्रीमियमची चाल मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तग धरून होती, आणि सुटली तीही कोणा सुधारकाच्या आग्रहाने नव्हे, तर बाजारच उलटा फिरल्यामुळे.

हा उलटा फेर मला या कथेतील सर्वांत नवलाचा भाग वाटतो. भागीदारीत वीसांहून अधिक माणसे असू नयेत ही कंपनी कायद्याची मर्यादा १९६७ साली सॉलिसिटरांपुरती उठली आणि पेढ्यांना फुगण्याची मोकळीक मिळाली. १९८६ च्या ऑक्टोबरात लंडनच्या शेअरबाजाराचे जुने निर्बंध कोसळले आणि कामाचा लोट आला. १९८७ मध्ये दोन पेढ्यांच्या मीलनातून क्लिफर्ड चान्स जन्मली. जेथे एका धन्यापाशी दोनच शिष्य असावेत असा कायदा होता, तेथे एकेका मोठ्या पेढीला वर्षाकाठी शिष्यांच्या पलटणी लागू लागल्या. तेव्हा पेढीच विद्यार्थ्याला वेतन देऊ लागली, त्याच्या अभ्यासक्रमाची फी भरू लागली, आणि १९९० च्या सुमारास 'आर्टिकल्स' हे जुने नाव टाकून 'ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट' हे कारखानी नाव आले. मुदत दोन वर्षांची. तिचे बहुधा सहासहा महिन्यांचे चार भाग, आणि प्रत्येक भागाला म्हणतात 'सीट', म्हणजे बैठक, कारण दर सहामाहीला त्याने एका खात्यातील बाक सोडून दुसऱ्या खात्यातील बाकावर जाऊन बसावयाचे असते.

पैसा उलटा वाहू लागल्याबरोबर उमेदवारीही दाराच्या आतून बाहेर आली. पूर्वी एक ओळखीचे पत्र आणि बापाची थैली यांच्या बळावर पोरगा आत शिरे व मग पाच वर्षे नकला उतरवी. आता बापाची थैली निरुपयोगी, म्हणून प्रवेशापूर्वीच सारी परीक्षा. मध्यरात्री दिव्याखाली बसून 'आमच्याच पेढीत का?' या प्रश्नाचे अडीचशे शब्दांत उत्तर लिहावयाचे, आणि ते असे की पेढीचे नाव बदलून तेच शेजारच्या पेढीला धाडता येऊ नये. धाडले जाते ते बहुधा तसेच, आणि एखादे वेळी जुने नाव पुसावयाचे राहून अर्जाचा तेथेच निकाल लागतो. मग वॉटसन आणि ग्लेसर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या नावाची तर्कपरीक्षा, मग मुलाखत, आणि हे सारे बहुधा प्रत्यक्ष कामावर रुजू होण्याच्या दोन वर्षे आधी.

'व्हेकेशन स्कीम' ही याच पालटाची संतती. हिवाळा, वसंत आणि उन्हाळा या विद्यापीठाच्या सुट्यांत विद्यार्थी दोन-तीन आठवडे पेढीत येऊन बसतो, आठवड्याचा भत्ता घेतो, एखाद्या करारनाम्यावर टिपण लिहितो, आणि सोबत जेवणाऱ्या वकिलांचे डोळे आपल्यावर आहेत हे जाणून जपून घास घेतो; शेवटच्या दिवशी मुलाखत. मुंबईच्या उच्च न्यायालयात मे महिन्याच्या सुटीला 'व्हेकेशन' म्हणणाऱ्या आपल्या वकिलांना या नावातला विनोद सांगावयास नको. माझ्या मते ही पद्धत अर्जापेक्षा प्रामाणिक आहे, कारण ती आपली जुनी उमेदवारीच आहे. फरक इतकाच की तिला भत्ता आहे आणि तिच्यासाठीही आधी निराळा अर्ज करावा लागतो.

२०१४ च्या नियमांनी 'ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट' हा शब्दही पुस्तकातून वगळला, आणि २०२१ पासून नव्या परीक्षेबरोबर दोन वर्षांचा अनुभव चार निरनिराळ्या ठिकाणीही मिळविता येतो. विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र वगळलेलाच शब्द आहे. 'आर्टिकल्ड क्लार्क' या त्याहून जुन्या नावाचे काय झाले हे पाहावयाचे असेल तर लंडनला जाण्याचे कारण नाही. १८९४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा देणारा तरुण फोर्टातील पेढ्यांत आजही तीन वर्षे आर्टिकलशिप करतो, आणि चार्टर्ड अकाउंटंट होऊ पाहणारी पुण्यामुंबईची शेकडो मुले घरी 'आर्टिकलशिप चालू आहे' असेच सांगतात.