उंबरठ्याच्या पलीकडे

इ. स. १८७६ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठानें एडवर्ड बूशे यांना पदार्थविज्ञानांतील डॉक्टरेट दिली. त्या देशांत डॉक्टरेट मिळविणारे ते पहिलेच कृष्णवर्णीय गृहस्थ. गुलामगिरी कायद्यानें नष्ट होऊन त्या वेळीं अवघीं ११ वर्षें झालीं होतीं. आतां एखाद्या विद्यापीठांत संशोधनाची संधि त्यांना लाभेल, असें कोणासही वाटलें असतें. परंतु तसें घडलें नाहीं. फिलाडेल्फिया येथील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेंत विज्ञान शिकविण्यांत त्यांचीं पुढील २६ वर्षें गेलीं. दार उघडलें, पण आंत बस म्हणणारें कोणी भेटलें नाहीं.

शंभर वर्षें लोटलीं. कायदे बदलले, विद्यापीठें खुलीं झालीं. तरीही १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत एक कोडें पडलें होतें. शाळेंत चमकलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्याच वर्षीं कॅल्क्युलसच्या परीक्षेंत घसरत. आणि हा विषय सुटला कीं विज्ञान व एंजिनिअरिंग यांची वाटही बंद होई. कोणी म्हणे, यांची तयारी कच्ची. कोणी म्हणे, घरचें प्रोत्साहन नाहीं. यूरी ट्राइझमन या गणिताच्या तरुण अभ्यासकानें तर्क करीत बसण्याऐवजीं २० कृष्णवर्णीय व २० चिनी वंशाचे विद्यार्थी अभ्यास कसा करतात, हें त्यांच्या सहवासांत राहून पाहिलें. तेव्हां हे तर्क टिकले नाहींत. चिनी विद्यार्थी आधीं एकटे अभ्यास करीत व मग एकत्र जमून उत्तरें ताडून पाहत; आपली चूक त्यांना मित्रांकडूनच कळे. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, पण एकाकी होते. त्यांना चूक कळे ती परीक्षेच्या निकालांत!

ट्राइझमन यांनीं कच्च्या विद्यार्थ्यांचा वर्ग काढला नाहीं. अशा वर्गाकडे स्वाभिमानी मुलगा फिरकत नाहीं. त्यांनीं नेहमींपेक्षां अवघड उदाहरणें दिलीं, आणि तीं एकत्र बसून सोडविण्यास सांगितलें. त्या मंडळींचे गुण वाढले.

पदवीच्याही पुढें जाणारा असाच प्रयत्न १९८८ सालीं बाल्टिमोर शहरालगतच्या एका विद्यापीठांत सुरू झाला. हें मेरिलंड विद्यापीठाचें बाल्टिमोर काउंटी येथील केंद्र होय. गणितज्ञ फ्रीमन ह्राबाउस्की यांची कल्पना, आणि रॉबर्ट व जेन मायरहॉफ या दांपत्याचें द्रव्य. १९८९ सालीं १९ कृष्णवर्णीय तरुणांची पहिली तुकडी आली. पुढच्याच वर्षीं मुलींना, आणि १९९६ पासून सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ति तर होतीच. पण वर्ग भरण्यापूर्वीं उन्हाळ्यांत एकत्र राहणें, गटानें अभ्यास करणें, प्रयोगशाळेंत संशोधकांच्या हाताखालीं राबणें आणि प्रथमपासून डॉक्टरेटचें ध्येय समोर ठेवणें, हा तेथील नित्यक्रम होता. निवड होऊनही जे दुसरीकडे शिकावयास गेले, त्यांच्याशीं तुलना करतां येथील विद्यार्थी डॉक्टरेटच्या अभ्यासाकडे वळण्याचें प्रमाण सुमारें ५ पट आढळलें.

याच योजनेंतून २००८ सालीं पदवीधर झालेल्या किझमेकिया कॉर्बेट २०१४ सालीं डॉक्टर झाल्या, आणि २०२० च्या महामारींत करोनाची लस घडविणाऱ्या शास्त्रज्ञांत त्या आघाडीवर होत्या. बूशे यांच्याजवळही बुद्धि होती, पदवीही होती. त्यांना पुढें नेणारी सोबत मात्र मिळाली नाहीं. आणि त्यामुळें विज्ञानाचें किती नुकसान झालें, याचा हिशेब आतां कोणालाच मांडतां येणार नाहीं.